मातीतल्या औषधाची वेळ

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळहून गगनबावड्याकडे निघालेल्या माणसाला वाटेत माती बदलत गेलेली दिसते. आधी शिरोळ-हातकणंगल्याची काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पाण्याच्या अतिवापराने ठिकठिकाणी क्षारपड झालेली जमीन लागते, मग पंचगंगेकाठची गाळाची, आणि कळे मागे पडले की पावसाने धुऊन धुऊन आम्लधर्मी झालेली जांभ्याची तांबडी माती. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ही मोठी सोय आहे, कारण वर्गातील मुले याच गावांतून येतात. सुट्टीवरून परतताना शेतातली मूठभर माती पुडीत बांधून आणा, एवढे सांगितले की प्रयोगशाळेच्या टेबलावर सारा जिल्हा हजर होतो. एकदा तर एक पैलवान विद्यार्थी तालमीच्या हौद्यातील ताक, हळद आणि तेल घालून मळलेली माती घेऊन आला होता. तिच्यातून बॅसिलस हे मातीतले नेहमीचे जिवाणूच फार निघाले, आणि तो जरा हिरमुसला. आम्ही शोधतो ते प्रतिजैविके, म्हणजे इतर जिवाणूंना मारणारी औषधे, बनवणारे जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या गटातील असतात. काळ्या मातीत ते भरपूर सापडतात, जांभ्याच्या आम्लात त्यांची संख्या रोडावते.

पद्धत जुनी आणि साधी आहे. एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, तिचे दहा-दहा पटीने विरलन करत जायचे आणि त्यातील थेंब स्टार्च-केसीन अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरवायचा. बुरशी माजू नये म्हणून अगारमध्ये निस्टॅटिन घालतात, आणि हे निस्टॅटिनही मूळचे एका स्ट्रेप्टोमायसिसनेच बनवलेले आहे. दुसऱ्या दिवशी इतर जिवाणूंच्या ओलसर, चकचकीत कॉलन्या, म्हणजे वसाहतींचे ठिपके, दिसू लागतात. स्ट्रेप्टोमायसिसला मात्र आठवडा द्यावा लागतो. आधी अगारमध्ये रुतलेला एक चिवट, सुरकुतलेला ठिपका दिसतो. तारेचे लूप त्यावरून घसरते, आणि जोर लावून खरवडावे तर अगारचा तुकडाच निघून हातात येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यावर पांढरी लव उगवते, आणखी दोन-तीन दिवसांत तिची राखाडी भुकटी होते, आणि झाकण उचलले की वळवाच्या पहिल्या सरीचा वास नाकात शिरतो.

कॉलनी प्रतिजैविक बनवते की नाही हे पाहण्यासाठी तिच्याखालच्या अगारचा गोल काप काढून तो बॅसिलस पसरवलेल्या दुसऱ्या प्लेटवर ठेवतात. कापातून औषध झिरपत असेल तर भोवती बॅसिलस उगवत नाही आणि स्वच्छ वर्तुळ राहते. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘झोन पडतो’. घाईची मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काप काढतात, आणि बहुतेक वेळा झोन पडत नाही. त्याच कॉलनीचा काप सातव्या दिवशी पुन्हा काढला की पडतो. ‘मॅडम, आधी का नाही पडला?’ असे दरवर्षी कोणीतरी विचारते. प्रतिजैविके ही दुय्यम चयापचयाची उत्पादने असून ती स्थिर अवस्थेत, म्हणजे वाढ थांबल्यावर, तयार होतात, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य मुलांना तोंडपाठ असते, पण त्यात घटनेला नाव दिलेले आहे, कारण सांगितलेले नाही. कारण शोधायचे तर या जिवाणूचे आयुष्य कसे जाते ते पाहावे लागते.

स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू असला तरी एकाचे दोन, दोनाचे चार अशा जिवाणूंच्या नेहमीच्या रीतीने तो वाढत नाही. बीजाणू रुजतो, त्यातून तंतू निघतो, तंतूला फांद्या फुटतात आणि त्यांचे जाळे पालापाचोळ्यात, मेलेल्या किड्यांच्या कवचांत, सरीत कुजायला टाकलेल्या उसाच्या पाचटात शिरते. एकदा शिरलेले जाळे जागा बदलू शकत नाही. जवळचे अन्न संपले की वंश दुसरीकडे पोचवण्याचा एकच मार्ग उरतो, तो बीजाणूंचा. आणि बीजाणू उधळायचे तर ते मातीच्या कणांवरील पाण्याच्या थरातून वर यायला हवेत. म्हणून जाळ्यातून नवे तंतू हवेत उभे राहतात. पाण्याचा पृष्ठताण इतक्या बारीक तंतूला सहज भेदता येत नाही, तेव्हा जिवाणू सॅप-बी आणि चॅप्लिन नावाचे रेणू बाहेर सोडून तो ताण उतरवतो आणि वर आलेल्या तंतूंवर त्यांचेच पाणी न धरणारे आवरण चढवतो. या सगळ्या उभारणीचा खर्च जुन्या जाळ्यातून भागवला जातो. खालचे तंतू विरघळू लागतात आणि त्यांतला माल वरच्या तंतूंच्या कामी येतो. मातीतील इतर भुकेल्या जिवाणूंना असे आयते पान वाढले जात असते, नेमक्या त्याच सुमारास प्रतिजैविके बाहेर पडू लागतात.

आमच्या भागातील मुलांना हे उसावरून चटकन पटते. उसाला तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते, नव्या कांड्या धरत नाहीत, ऊस पोकळ पडू लागतो, आणि तुरा दिसताच शेतकरी तोडणीसाठी कारखान्याच्या चिटबॉयमागे हेलपाटे घालू लागतो. ऊस हा निर्णय दिवसाच्या लांबीवरून घेतो आणि जिवाणू अन्नाच्या टंचाईवरून, पण वाढ आणि वंशविस्तार ही दोन्ही खाती एकाच वेळी भरभरून चालवता येत नाहीत, ही अडचण दोघांचीही आहे. दुसऱ्या दिवशी काढलेल्या कापात झोन न पडण्याचे कारण एवढेच की त्या कॉलनीला अजून तुरा आलेला नसतो.

मात्र हा निर्णय जिवाणू घेतो कसा, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध जावा लागला. डेव्हिड हॉपवूड यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर ही जाती अभ्यासाला घेतली. तिचे अ‍ॅक्टिनोऱ्होडिन हे प्रतिजैविक आम्लात लाल आणि अल्कलीत निळे दिसते, त्यामुळे ते तयार झाले की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळते. चांगल्या वाढलेल्या कॉलनीवर तर निळे थेंब साचलेले दिसतात. पुढे इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इनेस संस्थेत हॉपवूड, कीथ चेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातीचे बिघडलेले वाण शोधून काढले. त्यांचे दोन ठळक गट पडले. एका गटातील कॉलन्यांवर लवच उगवत नसे. त्या गुळगुळीत, चकचकीत राहत, म्हणून त्या जनुकांना ‘बाल्ड’ म्हणजे टकली हे नाव पडले. दुसऱ्या गटात लव उगवे, पण तिचे राखाडी बीजाणू होत नसत आणि ती पांढरीच राही, म्हणून ती जनुके ‘व्हाइट’. गंमत अशी की पांढऱ्या वाणांपैकी बहुतेक प्रतिजैविक नीट बनवत, आणि टकल्यांपैकी अनेकांना ते मुळीच जमत नसे. म्हणजे लव आणि औषध यांची वाट सुरुवातीला एकच असते आणि पुढे कुठेतरी फुटते. एका जनुकातील एकच बिघाड जर शरीराचा घाट आणि औषध दोन्ही घालवत असेल, तर औषध हा वरून चिकटवलेला गुण आहे असे कोण म्हणेल?

टकल्या जनुकांतील ‘बाल्ड-ए’ हे मला सर्वांत विलक्षण वाटते. प्रथिनाचा मजकूर जनुकात तीन-तीन अक्षरांच्या संकेतांनी लिहिलेला असतो, आणि प्रत्येक संकेत वाचून त्याला नेमून दिलेले अमिनो आम्ल आणून देण्याचे काम टी-आरएनए नावाचे छोटे रेणू करतात. ल्यूसीन या अमिनो आम्लासाठी असे सहा संकेत आहेत. त्यांपैकी टी-टी-ए हा संकेत स्ट्रेप्टोमायसिसमध्ये अतिशय दुर्मीळ आहे, कारण त्याच्या डीएनएमध्ये जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के असते आणि या संकेतात त्यांपैकी एकही नाही. सीलिकलरच्या ७,८२५ जनुकांपैकी जेमतेम दीडशेच्या आसपास जनुकांत तो आढळतो. तो वाचणारा एकमेव टी-आरएनए बाल्ड-ए या जनुकातून तयार होतो. आता हे जनुक बंद पाडले तर जिवाणू मरायला हवा, अशी आपली अपेक्षा असते; पण तो मरत नाही. तो रुजतो, खातो, फांद्या फोडत पसरतो, कारण रोजच्या वाढीला लागणाऱ्या जनुकांत टी-टी-ए वापरलेलाच नाही. अडते ते लव उभारताना आणि औषध बनवताना. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन बनवणाऱ्या जनुकांच्या ताफ्याला एक चालू करणारे जनुक आहे आणि त्यात हा दुर्मीळ संकेत बसलेला आहे. लवेच्या उभारणीला लागणाऱ्या अ‍ॅड-पीए नावाच्या नियंत्रकातही तो आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात औषध चालू करणाऱ्या जनुकातील टी-टी-ए काढून तिथे ल्यूसीनचाच दुसरा संकेत घातला गेला. प्रथिन तेच राहिले, त्यातला एकही घटक बदलला नाही, आणि टकल्या वाणाने निळे औषध बनवायला सुरुवात केली. मी हा प्रयोग शिकवते तेव्हा फळ्यावर दोन्ही संकेत एकाखाली एक लिहिते आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. हा टी-आरएनए खरोखर वेळ ओळखून काम करणारा नियामक आहे, की नंतरच्या कामांच्या जनुकांत दुर्मीळ संकेत केवळ टिकून राहिला आहे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; माझा कल पहिल्या बाजूला आहे, कारण नेमक्या नियंत्रक जनुकांत हा संकेत असा पुन्हापुन्हा सापडणे मला योगायोगाचे वाटत नाही.

टकल्या वाणांची आणखी एक करामत सांगायलाच हवी. दोन वेगवेगळी टकली वाणे एका प्लेटवर शेजारी-शेजारी वाढवली, तर काही जोड्यांत एका कॉलनीच्या कडेला, अगदी दुसरीच्या सीमेलगत, लव उगवते. एकीला जो रेणू बनवता येत नव्हता तो शेजारणीकडून अगारमधून झिरपत आला, असा त्याचा अर्थ. १९९० च्या दशकात अशा जोड्या लावून पाहताना कोणते जनुक कोणाच्या आधी काम करते याची उतरंडच हाती लागली. लव उभारण्याचा निर्णय एकट्या तंतूचा नसून तो तंतूंच्या आपसातल्या निरोपांवर चालतो, हे त्यातून दिसले.

निरोपाचा रेणू प्रत्यक्ष हाती लागला तो दुसऱ्या जातीत आणि फार आधी. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस ही स्ट्रेप्टोमायसिन देणारी जाती. १९६७ साली सोव्हिएत संघात खोखलोव्ह आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून ए-फॅक्टर नावाचा लहानसा रेणू वेगळा केला. बीजाणूही न धरणाऱ्या आणि औषधही न बनवणाऱ्या वाणाला तो अत्यल्प प्रमाणात दिला तरी दोन्ही कामे एकदम सुरू होतात. पुढे जपानमध्ये बेप्पू आणि होरिनोउची यांच्या गटाने ही साखळी कडीकडीने उलगडली. वाढीच्या काळात आर्प-ए नावाचे प्रथिन अ‍ॅड-पीए जनुकाच्या तोंडाशी बसून त्याला दाबून ठेवते. जाळे पुरेसे दाट झाले की ए-फॅक्टर साचतो, आर्प-एला चिकटतो आणि त्याला तिथून उठवतो. मग अ‍ॅड-पीए तयार होते आणि लवेची, बीजाणूंची जनुके जागी करते. त्याच फेरीत ते एसटीआर-आर या नियंत्रकालाही जागे करते, आणि त्याच्या हुकमाने स्ट्रेप्टोमायसिनचा कारखाना सुरू होतो. स्वतःच्याच औषधाने स्वतः मरू नये म्हणून त्या औषधाला निष्क्रिय करणाऱ्या एन्झाइमचे जनुक एसटीआर-आरला लागूनच असते आणि त्याच्याबरोबरच वाचले जाते. पेटवणारा आणि पाण्याची बादली धरणारा इतके शेजारी ठेवलेले पाहिले की या व्यवस्थेचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

याच्या उलट बाजूचा, म्हणजे वेळेआधी काही सुरू होऊ नये याची काळजी घेणारा, पहारेकरी ‘बाल्ड-डी’ आहे. पेशीत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा रेणू भरपूर असतो तोवर बीजाणूंची जनुके दाबलेली राहतात. २०१४ साली कळले की या रेणूचे चार-चार नग एकत्र येऊन बाल्ड-डीच्या दोन प्रतींना सांधतात, आणि जोडी जमली की ती डीएनएवर घट्ट बसते. रेणूचे प्रमाण घटले की जोडी सुटते आणि वाट मोकळी होते.

झाकण उचलल्यावर येणाऱ्या त्या वळवाच्या वासाचेही तसेच आहे. १९६५ मध्ये शोधलेला जिओस्मिन हा रेणू बीजाणूंच्या काळातील नियंत्रकांच्या हुकमाने बनतो, आणि २०२० च्या एका अभ्यासात त्या वासावर स्प्रिंगटेल नावाचे मातीतील चिमुकले प्राणी ओढले जात असल्याचे दिसले. ते जिवाणू खातात आणि बीजाणू अंगावरून व विष्ठेतून दूर पोचवतात. वळवाच्या वासावर मराठीत कविता करणाऱ्यांची संख्या पाहता ही जाहिरात अपेक्षेपेक्षा जास्तच यशस्वी झाली म्हणायची.

हे सगळे लक्षात घेतले की प्रतिजैविकांबद्दल लिहिताना आपण सर्रास वापरतो ती युद्धाची भाषा मला अपुरी वाटते. स्ट्रेप्टोमायसिसच्या कमरेला सदैव तलवार लटकलेली नसते. वाढीच्या ऐन भरात, शेजाऱ्यांशी अन्नासाठी चढाओढ सर्वांत तीव्र असायला हवी त्या काळात, तो फारसे औषध बनवतच नाही. जाळे विरघळवून पुढच्या पिढीची सोय लावण्याच्या नाजूक काळात तो ते बनवतो. त्यात संरक्षणाचा हेतू असेलच. पण मारण्याइतके प्रमाण नसताना हीच औषधे शेजारच्या जिवाणूंच्या जनुकांची हालचाल बदलतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. मग मातीतल्या त्या थेंबभर पाण्यात त्यांना नुसते विष म्हणून कसे चालेल?

माणसाच्या बाजूने मात्र ही गोष्ट औषधाचीच झाली, आणि ती का झाली हे आमच्या जिल्ह्यातील जुन्या पिढीला सांगावे लागत नाही; क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनच्या ‘नव्वद सुया’ घेतलेली माणसे अनेक घरांत होती. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. एक वाण शेणखत घातलेल्या शेतातील मातीतून आले होते आणि दुसरे कोंबडीच्या घशातून. १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले, आणि विद्यार्थ्याचा वाटा किती हा वाद त्याआधीच न्यायालयात जाऊन आला होता. माझी सहानुभूती शॅट्झकडे आहे, हे सांगून मोकळी होते. आपल्याकडे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना या जातीतून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले. महाराष्ट्रातील किती विद्यार्थ्यांना हे माहीत असते?

त्या काळात हजारो मातींमधून औषधे निघाली, आणि पुढे तीच तीच पुन्हा सापडू लागली तेव्हा माती रिकामी झाली असे अनेकांनी मानले. २००२ मध्ये सीलिकलरच्या ८६,६७,५०७ अक्षरांच्या गुणसूत्राचे वाचन प्रसिद्ध झाले आणि तो समज डळमळला. चार-दोन प्रतिजैविकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जातीत अशा प्रकारचे रेणू बनवणारे जनुकांचे वीसहून अधिक ताफे निघाले. बहुतेक ताफे प्लेटवर गप्प असतात, कारण त्यांना जागे करणारा निरोप स्टार्च आणि केसीनच्या आयत्या जेवणात मिळत नाही. २००८ साली एक निरोप असा सापडला: एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन. किड्यांच्या कवचातील कायटिन याच्याचपासून बनलेले असते, आणि जिवाणूच्या स्वतःच्या भिंतीतही ते असते. अन्न मुबलक असताना ते दिले तर जिवाणू आणखी वाढतो आणि लव लांबणीवर टाकतो. अन्न तुटपुंजे असताना तेच दिले तर लवही उभारतो आणि औषधही बनवतो. कवच पचवताना मिळालेला हा रेणू सुबत्ता सांगतो आणि स्वतःची भिंत विरघळताना सुटलेला तोच रेणू काळ संपल्याचे सांगतो. कोणता अर्थ घ्यायचा हे भोवतालच्या बाकी अन्नावरून ठरते. आम्हीही आता एकच वाण तीन-चार प्रकारच्या अगारवर वाढवतो, त्यात एक कायटिन घातलेला गरीब अगार असतो, आणि स्टार्च-केसीनवर झोन न देणारी काही वाणे त्यावर देतात.

अलीकडच्या कामाने या चित्रात एक नवी गुंतागुंत आणली आहे, आणि तिच्यामुळे कॉलनीला तुरा येतो हे माझे बोलणेही थोडे ढिले पडते. बहुतेक जिवाणूंचे गुणसूत्र गोल असते, स्ट्रेप्टोमायसिसचे सरळ आहे आणि त्याची टोके सहज तुटतात. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की सीलिकलरच्या कॉलनीतील काही तंतू अशा तुटीत शेकडो जनुके एकगठ्ठा गमावतात. हे तंतू जास्त प्रकारची आणि जास्त प्रमाणात प्रतिजैविके बनवतात, पण त्यांना बीजाणू फारच थोडे धरतात. बाकीचे धड तंतू वंश पुढे नेतात आणि हे तुटके तंतू औषध बनवून संपून जातात. वाण एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर वारंवार नेत राहिले की काही काळाने झोन लहान होत जातो किंवा कॉलनीत चकचकीत, बिनलवेचे पट्टे उमटतात, हा अनुभव या जिवाणूंबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला येतो. म्हणून ताज्या बीजाणूंच्या कुप्या ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवण्याची शिस्त आम्ही पाळतो. या अभ्यासानंतर ते पट्टे मी टाकून देत नाही. विद्यार्थ्यांना एका कॉलनीतून एकच काप काढू देत नाही. मध्यातून, कडेतून आणि पट्टा असेल तर पट्ट्यातून असे वेगवेगळे काप काढायला सांगते, आणि वहीत तारखेबरोबर त्या जागी लव होती का, असल्यास पांढरी की राखाडी, हेही लिहायला लावते.